'साभार' म्हणजे परवानगी नव्हे

बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत बोरगाव वसले आहे. समजा, तेथील एका लेखकाचा गावच्या आठवणींवरील ललित लेख बेळगावच्या दैनिकात प्रसिद्ध झाला. पुढे कोल्हापूरच्या साप्ताहिकाने आणि पणजीच्या दिवाळी अंकाने तो 'साभार' असे लिहून जसाच्या तसा छापला. लेखकाला कोणी विचारले नाही आणि मानधनही मिळाले नाही. अशा पुनर्मुद्रणाबाबत कायद्याची भूमिका स्पष्ट आहे.

हक्क कोणाचा?
कॉपीराइट अधिनियम, १९५७ हा केंद्रीय कायदा असल्याने कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा या तिन्ही राज्यांत तो सारखाच लागू होतो. लेख लिहिला जाताच हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. बाहेरच्या लेखकाने हक्क लेखी हस्तांतरित केला नसेल, तर तो त्याच्याकडेच राहतो. नोकरीतील पत्रकाराच्या लेखनाबाबत मात्र, वेगळा करार नसल्यास, नियतकालिकांतील प्रकाशनाचा हक्क वृत्तपत्राच्या मालकाकडे आणि पुस्तकासारखे इतर हक्क पत्रकाराकडे असतात.

परवानगी कशी असावी?
परवाना लेखी असावा लागतो. त्यात लेखाचे नाव, दिलेला हक्क, मुदत, क्षेत्र आणि मानधन नमूद करावे. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, तर क्षेत्र लिहिले नसेल तर ते संपूर्ण भारत मानले जाते. छापील अंक व संकेतस्थळ यांचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला बरा. अनुवाद हा वेगळा हक्क आहे. त्यामुळे मराठी पुनर्मुद्रणाच्या परवानगीवर कन्नड अनुवाद छापता येत नाही.

अपवाद कोणते?
चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक वा धार्मिक विषयांवरील लेख नियतकालिकात पुन्हा छापण्याची सवलत कलम ५२ देते. निपाणीतील तंबाखूच्या चालू दरांवरील लेख या सवलतीत बसू शकेल. पण लेखकाने पुनर्मुद्रणाचा हक्क स्पष्टपणे राखून ठेवला असेल, तर ती मिळत नाही. कथा, कविता व ललित लेखन या सवलतीत मोडत नाही. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजलेली ६० वर्षे सरली की साहित्य सर्वांसाठी खुले होते. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून खुले आहे.

उल्लंघन झाल्यास
जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. नफ्याचा हेतू नसेल, तर न्यायालय कारण नोंदवून ती कमी करू शकते. हक्क विकल्यानंतरही आपले नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक फेरफारास हरकत घेण्याचा लेखकाचा अधिकार कायम राहतो. 'साभार' हा शब्द केवळ ऋणनिर्देश आहे. लेखकाने लेखाखाली 'पुनर्मुद्रणाचे हक्क राखीव' असे लिहावे आणि संपादकाने छापण्यापूर्वी लेखी होकार घ्यावा, हे दोघांच्याही हिताचे आहे.