जुगाराचे रूप बदलते, जुगारी तोच राहतो

मुंबईत एके काळी पावसावर जुगार चालत असे. ठरावीक वेळेत पाऊस पडेल की नाही, पडला तर किती पडेल, यावर पैसे लागत. ही दंतकथा नाही, कायद्यात लिहिलेली गोष्ट आहे. 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. पुढच्या दुरुस्त्यांसह त्यातली जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या वाचली, तर या शहराचा एक वेगळाच इतिहास समोर येतो. तिथे पाऊस आहे, कापूस आणि अफूचे भाव आहेत, त्या भावांतले आकडे आहेत, पत्त्यांवरची चित्रेही आहेत. लोकांनी नवा जुगार काढला, की सरकारने कायद्यात एक ओळ वाढवली.

यातली कापसाची ओळ मुंबईला सर्वांत महागात पडली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येत. ज्यांनी कधी कापसाची गाठ पाहिली नव्हती, तेही त्या भावांवर पैसे लावत. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. 1961 मध्ये न्यूयॉर्कचे हे भाव येणे थांबले. जुगार मात्र थांबला नाही. कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी 1962 मध्ये वरळीत मटका सुरू केला. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी 1964 मध्ये आपला वेगळा मटका काढला. पूर्वी मडक्यातून चिठ्ठ्या निघत, म्हणून नाव मटका. पुढे मडके गेले आणि पत्ते आले. तीन पत्त्यांची बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक धरायचा.

मटका वाढला तो गिरणी कामगारांच्या पैशावर. एका आकड्याला एका रुपयाचे साधारण नऊ रुपये मिळत. आता चौथीच्या मुलालाही जमेल असे गणित करा. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावा. दहा रुपये गेले, नऊ आले. मालक कधीच हरत नाही, कारण तो खेळतच नाही.

सरकारने आपल्या परीने उपाय केले. लोकांचा पैसा मटक्याकडून वळावा म्हणून 1969 मध्ये राज्य लॉटरी आली. आणीबाणीत खत्री तुरुंगात गेले. 1982 च्या संपानंतर गिरण्याच बसल्या. तरी आकडा लागतच राहिला आणि शेवटी मोबाईलमध्ये शिरला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. म्हणजे आणखी एक ओळ वाढली.

या सगळ्यात कायद्याने जुगाराची साधने मोजली. ज्याला ते सोडता येत नाही, त्या माणसाकडे पाहणे कायद्याचे काम नव्हते. समाजाकडे त्याच्यासाठी दोनच शब्द होते, गुन्हेगार आणि पापी. 1847 मध्ये दिल्लीत मिर्झा गालिब यांना घरी जुगार चालवल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली होती. कुरआनमध्ये मैसिरला, म्हणजे जुगाराला, स्पष्ट मनाई आहे आणि आमच्या घरांत ती लहानपणापासून सांगितली जाते. सांगायलाच हवी. पण जो आधीच अडकला आहे, तो नुसत्या मनाईने सुटत नाही. तो शरमेने अधिक लपवतो.

लपवणे सोपेही असते. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या आईने मला विचारले होते, "सर, हे दारू पीत नाहीत, विडीला हात लावत नाहीत. मग पगार जातो कुठे?" तोंडाला वास नाही, चालताना तोल जात नाही. या व्यसनाला बाहेरून दिसणारी खूणच नाही.

वैद्यकशास्त्रालाही ते ओळखायला वेळ लागला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये त्याला आजारांच्या यादीत घेतले आणि 2013 मध्ये दारू व इतर नशांच्या व्यसनांशेजारी बसवले. त्यांनी नऊ लक्षणे सांगितली आहेत. वर्षभरात त्यांतली चार दिसली, तर तो आजार समजावा. रक्कम वाढवत नेल्याशिवाय मजा न येणे. थांबवले की चिडचिड होणे. पुन्हा पुन्हा सोडून पुन्हा सुरू करणे. सतत तेच डोक्यात असणे. मन उदास झाले की खेळायला बसणे. हरलेले वसूल करायला दुसऱ्या दिवशी परत जाणे. खोटे बोलणे. नोकरी, शिक्षण किंवा नाती पणाला लावणे. आणि पैशांसाठी दुसऱ्यांपुढे हात पसरणे.

घरातली माणसे बहुतेक वेळा याच शेवटच्या लक्षणापाशी जागी होतात आणि दागिने मोडून कर्ज फेडतात. जुगाऱ्याला ते कर्ज फिटल्यासारखे वाटत नाही, नवा डाव मिळाल्यासारखे वाटते. म्हणून पैसे हातात देऊ नयेत. देणे भागवायचेच असेल, तर हिशेब समजून थेट सावकाराला द्यावे. पगाराचे खाते आणि मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय काही काळ पत्नीच्या किंवा भावाच्या हाती ठेवावी.

मुख्य उपचार बोलण्याचा आहे. "आता माझा आकडा लागणारच" हा विचार कुठून येतो, हे समुपदेशक रुग्णाला उकलून दाखवतो. काहींना डॉक्टर औषधही देतात. सोबत नैराश्य आहे का, हे तपासावेच लागते, कारण कर्जात बुडालेला माणूस जिवाचे बरेवाईट करू शकतो. उपनगरातल्या लोकांसाठी कूपर रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

कायद्यात उद्या आणखी एक ओळ वाढेल. खेळाचे नावही बदलेल. घरच्यांनी त्या नावाच्या मागे लागू नये. पगाराच्या दिवशी घरी उशिरा येणारा, मोबाईल उलटा ठेवणारा, विचारले की भडकणारा माणूस तेवढा ओळखावा, आणि त्याला ओरडण्याआधी दवाखान्यात न्यावे.