सातशे सीसीची रेघ

लांबच्या प्रवासासाठी मोठी मोटारसायकल घ्यावी, की रोजच्या कामासाठी आटोपशीर ‘क्रूझर’? वरवर पाहता हा केवळ आवडीचा आणि खिशाचा प्रश्न आहे. पण अमेरिकेतील होंडा मोटारसायकलींचा इतिहास पाहिला, तर त्यात पदार्थविज्ञान आणि करकायदा हे दोघेही डोकावतात.

१९७५ साली होंडाने ‘गोल्ड विंग’ ही गाडी आणली. इंजिन ९९९ सीसीचे, पाण्याने थंड होणारे. त्याचे चार सिलिंडर दोन बाजूंना आडवे बसवलेले. मागच्या चाकाला साखळीऐवजी दांड्याने गती मिळे. पेट्रोलची टाकी नेहमीच्या जागी नव्हती, ती आसनाखाली होती. असे का? आडवे सिलिंडर आणि खालची टाकी यांमुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो.

या पहिल्या गाडीला वारा अडवणारे आवरण नव्हते. लांब जाणारे लोक ते बाहेरून विकत घेऊन बसवीत. १९८० साली कंपनीनेच आवरण आणि सामानाच्या पेट्यांसह गाडी दिली. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. म्हणून दिवसभर महामार्गावर धावायचे तर मोठे इंजिन आणि आवरण दोन्ही उपयोगी पडतात. गावात ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्याला मात्र त्यांचे ओझेच अधिक.

हे ओझे किती? १९८८ च्या सहा सिलिंडरी गोल्ड विंगचे इंधनाविना वजन सुमारे ३६० किलो होते. मागे ढकलणे अवघड, म्हणून तिला स्टार्टरच्या मोटारीवर चालणारी उलटी गती दिलेली होती. याउलट १९८५ च्या २३४ सीसीच्या ‘रेबेल’ या छोट्या क्रूझरचे वजन सुमारे १४० किलो. आता समजा, दोन्हींचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे आणि गाडी १० अंशांनी कलली आहे. गुरुत्वमध्य टायरच्या टेकूपासून सुमारे ९ सेंटिमीटर बाजूला जातो. एक मीटर उंचीवर हात लावून तिला सावरायचे, तर तरफेच्या नियमाने मोठीला सुमारे ३२ किलोवजनाइतका जोर लागेल, छोटीला १३.

आता कायद्याकडे वळू. हार्ले-डेव्हिडसनच्या तक्रारीवरून १९८३ साली अमेरिकेने ७०० सीसीहून मोठ्या आयात मोटारसायकलींवर, ठरावीक कोट्यापलीकडे, जबर जादा कर बसवला. पहिल्या वर्षी एकूण कर ४९.४ टक्के झाला. होंडाची ‘शॅडो’ ही क्रूझर तेव्हा ७४९ सीसीची होती. पुढच्याच वर्षी ती ६९४ सीसीची झाली! गोल्ड विंगला मात्र झळ लागली नाही, कारण १९८० पासून ती अमेरिकेतच, ओहायो राज्यातील मेरिसव्हिल येथे, तयार होत होती. म्हणजे १९८४ साली दुकानात उभा राहून ‘शॅडो’ निवडणाऱ्या ग्राहकाच्या इंजिनाचे माप अभियंत्याच्या कागदावर नव्हे, तर वॉशिंग्टनमध्ये ठरले होते. पुढे हार्लेनेच मुदतीआधी विनंती केल्यावर १९८७ साली हा कर उठला.

मग मोठी घ्यावी की छोटी? आधी विचारावे: रोज किती वेगाने जातो, किती वेळा थांबतो, गाडी कितीदा हाताने ढकलतो? उत्तरे प्रामाणिक दिली, तर बहुतेकांचे काम छोटीवर भागते.

वर्गात हे करून पाहता येईल. सायकलच्या कॅरिअरवर विटांची पिशवी उंच बांधा, मग तीच नळीला खाली लटकवा. दोन्ही वेळा सायकल तितकीच कलती करा आणि हँडलला अडकवलेल्या ताणकाट्याने ती सावरायला लागणारा जोर मोजा. टाकी आसनाखाली का गेली, हे विद्यार्थी आपणहून सांगतील.