खांदेरी : समुद्रातील दोन टेकड्या

उत्तर कोकणात थळच्या किनाऱ्यासमोर दोन बेटे आहेत. किनाऱ्यालगतचे सखल बेट ते उंदेरी. त्याच्या पलीकडे, भर समुद्रात डोंगर उचलून ठेवावा तसे दिसते ते खांदेरी. उत्तरेस एक टेकडी, दक्षिणेस तिच्याहून उंच दुसरी, आणि मध्ये खोलगट भाग. होड्या लागावयाच्या त्या या मधल्या जागीच. अन्यत्र बहुतेक खडकच. दक्षिणेच्या टेकडीवरून मुंबईत येणारेजाणारे प्रत्येक शीड दृष्टीस पडते. १८६७ साली दीपगृह बांधले गेले तेही याच टेकडीवर.

नगरसारख्या पठारी मुलखातील वाचकास हा किनारा परका वाटेल. परंतु चौल बंदर एके काळी अहमदनगरच्या निजामशाहीचे होते, व जंजिऱ्याचे सिद्दीही प्रथम तिचेच चाकर.

बेटाचे हे मर्म शिवाजी महाराजांनी अचूक ओळखले होते. १६७२ चा पहिला प्रयत्न तडीस गेला नाही. ऑगस्ट १६७९ अखेर मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि भर पावसाळ्यात तटाचे काम सुरू झाले. मुंबईकर इंग्रजांनी बेटावर आपला हक्क सांगितला. सप्टेंबरात त्यांचा एक अधिकारी माणसांसह उतरू पाहताना मारला गेला. चढावयास वाट एक, आणि वरून मारा; दुसरे काय व्हावयाचे?

१८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखानाच्या होड्या नागावच्या बाजूने वल्ही मारीत इतक्या वेगाने आल्या की, इंग्रजांना शिडे उभारण्यासही पुरती उसंत मिळाली नाही. त्यांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ मात्र एकाकी शर्थीने लढले व त्याने मराठ्यांना हटविले, हेही नमूद केले पाहिजे. पण त्या विजयाचा उपयोग काय? मोठी जहाजे खोल पाण्यात नांगरून राहत, आणि हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून बेटावर रसद पोचवीत. वेढा असा निष्फळ ठरल्यावर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तह करून आरमार मागे घेतले.

त्याच सुमारास सिद्दी कासमाने शेजारची उंदेरी बळकावून तीवर तोफा चढविल्या. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, इंग्रजांनी खांदेरीवर पुन्हा हल्ला केला, तोही फसला. बेट त्यांच्या हाती आले ते १८१८ साली, मराठी राज्यच बुडाल्यावर.