वारशाने मिळणारी शिदोरी: मॅकच्या एका लपलेल्या फाइलचा इतिहास

मॅकच्या टर्मिनलमध्ये नाव टाइप करताच एखादा प्रोग्राम धावतो. डॉकमधून उघडलेल्या एडिटरला मात्र तोच सापडत नाही. या कोड्याचे मूळ १९७९ सालच्या युनिक्समध्ये आहे.

त्या वर्षी अमेरिकेतील बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यासोबत स्टीफन बॉर्न यांचा नवा शेल आला आणि ‘एन्व्हायर्नमेंट’ची व्यवस्था रूढ झाली. नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य, अशा साध्या ओळींची ती शिदोरी. एक प्रोसेस दुसरीला जन्म देते, तेव्हा या शिदोरीची प्रत अपत्याच्या हाती पडते. प्रोग्राम कोणकोणत्या फोल्डरांत शोधावा हे सांगणारा ‘पाथ’ तिच्यातलाच. अपत्याने आपल्या प्रतीत कितीही फेरफार केले, तरी ते जनकापर्यंत पोहोचत नाहीत. भावंडांनाही कळत नाहीत.

तेव्हा यात अडचण नव्हती. लॉगिन केले की शेल सुरू होई आणि पुढचे सारे प्रोग्राम त्याचेच वंशज असत.

२००१ साली मॅक ओएस टेन युनिक्सच्या पायावर उभी राहिली आणि घराणे दुभंगले. टर्मिनलमधला शेल आपली सेटिंगची फाइल वाची. डॉकवरून उघडलेले अ‍ॅप त्या शेलचे अपत्यच नव्हते! अ‍ॅपलचा तोडगा होता ‘एन्व्हायर्नमेंट डॉट पीलिस्ट’. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधील एका लपलेल्या फोल्डरात ही फाइल ठेवायची. लॉगिनच्या वेळी ती वाचली जाई आणि तिच्यातली मूल्ये सर्व अ‍ॅप्सना मिळत.

ही सोय हल्लेखोरांच्याही नजरेस पडली. जावामधील त्रुटीतून शिरणारा ‘फ्लॅशबॅक’ हा व्हायरस वापरकर्त्याकडे पासवर्ड मागे. तो मिळाला नाही तरी त्याचे फारसे अडत नसे, कारण होम फोल्डरमधील या फाइलला पासवर्ड लागतच नव्हता. तिच्यात तो एकच व्हेरिएबल लिही: प्रत्येक प्रोग्रामने सुरू होताना अमुक लायब्ररी सोबत घ्यावी. पुढे उघडणारे प्रत्येक अ‍ॅप ही आज्ञा निमूटपणे वारशाने घेई. एप्रिल २०१२ मध्ये रशियातील डॉक्टर वेब या कंपनीने बाधित मॅकची संख्या ६ लाखांहून अधिक असल्याचे सांगितले. ‘मॅकला व्हायरस लागत नाही’ ही समजूत तेव्हा चांगलीच हादरली.

त्याच वर्षी जुलैत आलेल्या माउंटन लायनने ती फाइल वाचणे थांबवले. २०१४ च्या योसेमिटीने ‘लाँचडी डॉट कॉन्फ’ हा दुसरा मार्गही बंद केला. २०१५ च्या एल कॅपिटनपासून तर सिस्टिमचे संरक्षित प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी घुसवणारे व्हेरिएबल वारशातून गाळले जाऊ लागले. प्रामाणिक प्रोग्रामरांची यात बरीच फरफट झाली, हे खरेच.

उरला तो ‘लाँचसीटीएल सेटएन्व्ह’ हा मार्ग. लॉगिनच्या वेळी ही आज्ञा चालवणारी एक छोटी फाइल लाँच एजंट्सच्या फोल्डरात ठेवावी लागते. आधीच उघडलेल्या अ‍ॅपला मात्र नवे मूल्य दिसत नाही. ते बंद करून पुन्हा उघडावे लागते.