क्षमापनेचा कागद : विज्ञप्तिपत्रांपासून हातच्या भेटपत्रांपर्यंत

भाद्रपद महिन्यात पर्युषण व दशलक्षण पर्वाची सांगता झाली की जैन घराघरांतून क्षमापनेची देवाणघेवाण सुरू होते. श्वेतांबर बंधू-भगिनी संवत्सरी प्रतिक्रमणानंतर 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून एकमेकांस खमावतात. दिगंबर परंपरेत अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात सारे एकत्र येतात व 'उत्तम क्षमा' या शब्दांनी वर्षभराचे मनोमालिन्य धुऊन टाकतात. जो समोर उभा आहे त्याच्यापुढे हात जोडणे सोपे असते. परंतु जो शेकडो कोस दूर आहे, त्याची क्षमा कशी मागावी? या साध्या अडचणीतून जैन समाजात हाताने लिहिलेल्या, हाताने रंगविलेल्या पत्रांची एक स्वतंत्र परंपरा उदयास आली. भारतीय कलेच्या इतिहासात तिला मानाचे स्थान असले, तरी आपल्याच समाजात तिच्याविषयी फारशी माहिती आढळत नाही.

या पत्रांना 'विज्ञप्तिपत्र' अथवा 'विज्ञप्तिलेख' असे म्हणतात. विज्ञप्ती म्हणजे विनंती. साधू पायी विहार करतात आणि केवळ वर्षाकाळाचे चार महिने एका ठिकाणी स्थिर राहतात. त्यामुळे ज्या आचार्यांवर संघाची श्रद्धा असे ते पर्युषणाच्या वेळी बहुधा अन्य कोठे तरी असत. अशा वेळी गावचा संघ एकत्र बसून आचार्यांना पत्र पाठवी. त्यात आपल्या गावी पर्युषण कसे पार पडले, कोणी किती उपवास केले, व्याख्यानात कोणत्या ग्रंथाचे वाचन झाले याचे वृत्त असे. मग वर्षभरातील अविनय व प्रमाद यांबद्दल क्षमायाचना येई आणि शेवटी पुढील चातुर्मासासाठी आपल्या गावी पदार्पण करण्याची विनंती असे. इकडून विज्ञप्ती जाई, तर तिकडून कोणत्या साधूने कोठे चातुर्मास करावा याची आज्ञा लिहिलेला 'क्षेत्रादेशपट्टक' निघे. ही खऱ्या अर्थाने पत्रांची देवघेव होती.

साधूंनी आपल्या गुरूंना लिहिलेले असे लेख बरेच जुने आहेत. उपाध्याय जयसागर यांनी विक्रम संवत १४८४ मध्ये, म्हणजे इ. स. १४२७-२८ च्या सुमारास, सिंध प्रांतातून पाटण येथील आचार्य जिनभद्रसूरींना लिहिलेली 'विज्ञप्तित्रिवेणी' प्रसिद्ध आहे. तिच्यात नगरकोट, म्हणजे आजचे कांगडा, येथील यात्रेचे सविस्तर वर्णन आढळते. हिमालयाच्या पायथ्याशी एकेकाळी जैन तीर्थ नांदत होते, याचा पुरावा एका शिष्याने गुरूला लिहिलेल्या पत्रात सापडावा, ही गोष्ट लक्षणीय होय. मुनी जिनविजयजींनी या लेखाचे संपादन करून तो १९१६ साली प्रकाशात आणला.

संघांनी पाठविलेली पत्रे मात्र चित्रमय असत. कागदाचे ताव एकापुढे एक चिकटवून लांबच लांब पट्टी तयार केली जाई आणि ती गुंडाळून पाठवीत. उलगडताना आरंभी मंगल कलश, अष्टमंगले आणि तीर्थंकर-मातेची १४ स्वप्ने दिसत (दिगंबर परंपरेत ही स्वप्ने १६ मानली जातात). त्यापुढे पत्र पाठविणाऱ्या गावाचे चित्र येई. वेस, बाजार, दुकाने, मंदिरे, राजवाडा असे सारे गाव आचार्यांच्या डोळ्यांपुढून सरकत जाई. जणू संघ म्हणत असे, "महाराज, आमचे गाव एकदा पाहा तरी!" चित्रांनंतर मजकूर आणि अखेरीस संघातील प्रमुख श्रावकांच्या सह्या असत.

या पटांमध्ये सर्वाधिक ख्याती आहे ती आग्रा येथील संघाने संवत १६६७ मध्ये, म्हणजे इ. स. १६१० साली, प्रभासपाटण येथे असलेल्या आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेल्या पटाची. विजयसेनसूरी हे जगद्गुरू हीरविजयसूरींचे पट्टशिष्य. अकबर बादशहाने हीरविजयसूरींना फत्तेपूर सीक्री येथे बोलावून त्यांचा सत्कार केला होता, हा इतिहास सर्वश्रुत आहे. अकबरानंतर जहांगीर गादीवर आला, तेव्हा पर्युषणातील जीवहिंसेची बंदी टिकेल की नाही अशी चिंता निर्माण झाली. पुढे जैन साधूंच्या प्रयत्नांनी जहांगीराने तसे फर्मान काढले आणि आग्र्याच्या संघाने ही वार्ता कोरड्या शब्दांत न कळविता चित्र काढून घेऊन कळविली. चित्रकार होता उस्ताद सालिवाहन, प्रत्यक्ष बादशाही पदरीचा कलावंत. दरबारात बसलेला बादशहा, फर्मान स्वीकारणारे साधू, रस्त्यांतून पसरणारी आनंदवार्ता हे सारे त्याने रंगविले आणि आपण हे डोळ्यांनी पाहून रेखाटले असल्याची नोंदही पटात करून ठेवली. हा पट अहमदाबाद येथील लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिराच्या संग्रहात आहे. मुघल दरबाराचे एक विश्वसनीय चित्र जैन संघाच्या क्षमापना-पत्रात जतन झाले, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे; पण त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, आपल्या गुरूला आनंदाची बातमी कळविण्यासाठी त्या संघाला उत्तमातील उत्तम हात शोधावासा वाटला.

दोन शतकांनंतरचा, १८३० सालचा उदयपूरचा पट याहून विस्मयकारक आहे. उदयपूरच्या व्यापाऱ्यांनी बिकानेर येथील आचार्य जिनहर्षसूरींना आमंत्रण देण्यासाठी तो करविला. त्याची लांबी ७२ फूट आहे! महाराणांचा महाल, तलाव, पेठा, ओळीने मांडलेली दुकाने आणि इंग्रज अधिकाऱ्याची स्वारीसुद्धा त्यात आहे. हा पट बिकानेरच्या अभय जैन ग्रंथालयात असून त्यावर अलीकडे विद्वानांनी विस्तृत अभ्यास केला आहे. एवढा मोठा कागद एका आमंत्रणासाठी कशाला, असा प्रश्न आजच्या व्यवहारी मनाला पडेल. परंतु चित्रकाराला नेमणे, त्याचा खर्च संघाने वाटून घेणे, कोणाचे दुकान कोठे दाखवावे यावर चर्चा करणे, सर्वांनी येऊन सह्या करणे, या साऱ्या खटाटोपात गावातील जुने तंटे आपोआप मागे पडत असतील, असा तर्क केला तर तो चुकीचा ठरू नये. जो समाज आपसांत बोलत नाही, तो एका पत्राखाली सह्या कशा करणार?

महाराष्ट्राचा या परंपरेशी असलेला संबंधही येथे नमूद करणे अगत्याचे आहे. सतराव्या शतकातील विद्वान उपाध्याय मेघविजय यांचा चातुर्मास औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे होता आणि त्यांचे गुरू आचार्य विजयप्रभसूरी दूर सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होते. मेघविजयांनी गुरूंना विज्ञप्ती पाठविली ती 'मेघदूतसमस्यालेख' या काव्याच्या रूपाने. कालिदासाच्या मेघदूतातील श्लोकांचा चौथा चरण घ्यावयाचा आणि आधीचे तीन चरण स्वतः रचून अर्थ पूर्ण बदलून टाकावयाचा, असे हे अवघड कौशल्य. शृंगाराच्या जागी तेथे गुरुभक्ती आली. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर होता आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते रामगिरी म्हणजे विदर्भातील रामटेक, जेथे भगवान शांतिनाथांचे प्रसिद्ध दिगंबर क्षेत्र आहे. म्हणजे दोन्ही मेघ महाराष्ट्राच्याच आकाशातून निघाले, असे म्हणावयास हरकत नाही.

औरंगाबादजवळच, दौलताबाद-वेरूळच्या वाटेवर कागजीपुरा हे गाव आहे. हातकागदासाठी ते शतकानुशतके प्रसिद्ध आहे. जुन्नरलाही कागद होत असे. चिंध्या, ताग यांचा लगदा करून चाळणीवर ताव उचलायचा, वाळवायचा, त्यावर तांदळाची किंवा गव्हाची खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची, अशी आपल्याकडची साधारण रीत होती. युरोपातील जुन्या कागदाला जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस लावीत असत. आपल्याकडे खळ वापरली जाई, हे अहिंसाधर्मी समाजाच्या दृष्टीने सुदैवच म्हटले पाहिजे.

विज्ञप्तिपत्रांची परंपरा मुख्यतः श्वेतांबर संघांची. दक्षिणेतील दिगंबर समाजात हातच्या कागदाचे व ताडपत्राचे प्रेम दुसऱ्या वाटेने प्रकट झाले. ती वाट म्हणजे शास्त्रदान. दहाव्या शतकात दानचिंतामणी अत्तिमब्बे हिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या १,००० प्रती लिहवून त्या वाटल्या, ही कथा कर्नाटकात व दक्षिण महाराष्ट्रात आदराने सांगितली जाते. पुढे कागद रूढ झाल्यावर कारंजासारख्या भट्टारक पीठांच्या भांडारांत हस्तलिखितांचे मोठे संग्रह झाले. व्रताच्या उद्यापनानिमित्त ग्रंथ लिहवून मंदिराला किंवा त्यागींना भेट देण्याची चाल होती. ग्रंथाच्या अखेरीस कोणी, कोणासाठी, कोणत्या गावी लिहविले हे नोंदविलेले असते. या चार ओळींच्या प्रशस्तीमुळेच अनेक सामान्य श्रावक-श्राविकांची नावे इतिहासात राहिली आहेत, अन्यथा ती कोणत्याच दप्तरात सापडली नसती. कागदी पोथ्यांच्या मध्यभागी एक तांबडा ठिपका किंवा चौकोनी कोरी जागा दिसते. ताडपत्रांना दोरी ओवण्यासाठी जेथे भोक पाडीत, त्याची ती आठवण. भोकाची गरज संपली तरी लहियांनी जागा सोडली नाही!

१८७९ साली भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले आणि क्षमापना-पत्र हळूहळू घराघरांत पोहोचले. संघाच्या वतीने एकच पत्र जाण्याऐवजी प्रत्येक कुटुंब आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना कार्ड धाडू लागले. व्यापारी पेढ्यांनी छापील क्षमापना-पत्रिका काढल्या. वर मंगल चिन्ह, खाली काया, वाचा, मनाने घडलेल्या अपराधांची क्षमायाचना आणि शेवटी कुटुंबातील सर्वांची नावे, असा तिचा साचा ठरून गेला. छपाईने सोय झाली हे मान्य केलेच पाहिजे. तथापि त्यात एक गोष्ट निसटली. आग्र्याच्या पटात कोण कोणाची क्षमा मागतो आहे हे नावानिशी स्पष्ट होते. छापील पत्रिकेत मागणाऱ्यांची नावे राहिली आणि ज्याची क्षमा मागावयाची, तो केवळ पाकिटावरचा पत्ता उरला.

या पार्श्वभूमीवर पाठशाळांतून मुलांकडून हाताने भेटपत्रे करवून घेण्याची जी प्रथा अनेक गावी दिसते, ती खेळ म्हणून दुर्लक्षिण्यासारखी नाही. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून त्याची घडी घालायची, त्यावर स्वस्तिक, श्रीवत्स, कलश किंवा मीनयुगल यांचे रंगीत कागदी आकार गव्हाच्या खळीने चिकटवायचे आणि आत आपल्या अक्षरात दोन ओळी लिहायच्या. मग ती पत्रे पाठशाळेतच एकमेकांत बदलली जातात. मुले अर्थातच आपल्या जिवलग मित्रालाच पत्र देऊ पाहतात. पण ज्याच्याशी वर्षभर भांडण झाले त्यालाच द्यावयाचे, असा नियम करणाऱ्या जाणत्या शिक्षिकाही आहेत. दहा वर्षांच्या मुलाला अशा पत्रावर त्या मित्राचे नाव लिहिताना जो त्रास होतो, तो मोबाइलवरून एका बोटाने २०० जणांना तयार संदेश पुढे ढकलणाऱ्या वडीलधाऱ्यांना होत नाही. दोघांपैकी क्षमेच्या जवळ कोण, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

एक सूचना मात्र येथे करावीशी वाटते. अशा पत्रांवर तीर्थंकरांचे चित्र छापणे किंवा चिकटविणे टाळावे. सण सरला की कागद रद्दीत जातो, पायदळी येतो आणि नकळत आशातना घडते. मंगल चिन्हांनी तेच काम अधिक निर्दोषपणे साधते.

दुर्दैवाने जुन्या पत्रांचीही रद्दीच होत आली आहे. पुरातत्त्वज्ञ डॉ. हीरानंद शास्त्री यांनी १९४२ साली बडोदे येथून विज्ञप्तिपत्रांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष या पटांकडे वेधले गेले. त्यानंतरही काही पट चित्रांच्या मोहाने तुकडे होऊन विखुरले आणि चित्र एकीकडे, सह्यांचा मजकूर दुसरीकडे अशी अवस्था झाली. आपल्या गावांतही विश्वस्तांच्या कपाटांत, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आचार्यांना लिहिलेल्या पत्रांच्या नकला, चातुर्मासाची आमंत्रणे, पंचकल्याणकाच्या कुंकुमपत्रिका, मोडीतील हिशेबाचे कागद गाठोड्यांत बांधून पडलेले असतात. वाडा पाडताना प्रथम तेच बाहेर फेकले जातात. मंदिर कोणी बांधले हे शिलालेखावर वाचता येते. पण त्या वर्षी कोणी अठ्ठाई केली, कोणाच्या घरी साधूंचा आहार झाला, कोणी रुसून दूर राहिले होते आणि पुढे परत आले, हे फक्त या कागदांनाच ठाऊक असते.

त्यांच्या जपणुकीला फार खर्च लागत नाही. पत्रे उलगडून सावलीत वारा द्यावा, चिकटपट्टी कधीही लावू नये, सुती कापडात बांधून ठेवावीत आणि प्रत्येक पत्र कोठून कोठे गेले याची एका वहीत नोंद करावी. जुन्या ज्ञानभांडारांत पोथ्यांशेजारी वेखंडाच्या पुडीची पुरचुंडी ठेवीत. तिच्या उग्र वासाने कसर जवळ येत नाही आणि जीवहिंसाही टळते. श्वेतांबर संघांत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी आणि दिगंबर समाजात ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी होते. त्या दिवशी पोथ्या बाहेर काढून पुसल्या जातात, वेष्टने बदलली जातात. त्याच वेळी पत्रांचे गाठोडेही सोडावे आणि ज्यांना मोडी वाचता येते अशा वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून घ्यावे. तसे वाचणारे आता दरवर्षी कमी होत चालले आहेत.