एसएमपीएस : एका डब्याचा इतिहास

गेल्या महिन्यात माझा भाचा एक यादी घेऊन घरी आला. गेमिंग कॉम्प्युटरसाठी लागणाऱ्या भागांची यादी. दोन वर्षं शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवलेत. मला दाखवण्याचं कारण तांत्रिक नव्हतं, कमी पडणारे काही हजार मामूंकडून मिळतील का, एवढाच प्रश्न होता. यादीत प्रोसेसरचं नाव होतं, ग्राफिक्स कार्डाचं पूर्ण मॉडेल होतं, कॅबिनेटचा रंगही होता. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं : ‘एसएमपीएस – दुकानदार देईल तो.’

मी भाषेचा मास्तर. बीएडला आम्हाला मुलाची उत्तरपत्रिका तपासायला शिकवलं, सर्किट तपासायला नाही. पण त्या शेवटच्या ओळीवर माझं बोट थांबलं. आमच्या घरात एका एसएमपीएसने जे केलं ते हा मुलगा तेव्हा फार लहान होता म्हणून त्याला माहीत नाही. ते पुढे सांगतो. आधी त्या शब्दाकडे बघू या, कारण शब्दातच अर्धा इतिहास आहे.

जगभरात या डब्याला आता पॉवर सप्लाय युनिट, पीएसयू म्हणतात. आपल्याकडे मात्र लॅमिंग्टन रोडपासून सोलापूरच्या गल्लीतल्या दुकानापर्यंत सगळे त्याला एसएमपीएसच म्हणतात. स्विच मोड पॉवर सप्लाय. हे नाव एका जुन्या बदलाची खूण आहे. पूर्वीचे सप्लाय ‘लिनियर’ असत. भिंतीतली वीज आधी एका जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरमधून जायची, व्होल्टेज उतरायचं, आणि जास्तीची वीज उष्णता म्हणून फुकट जायची. जुन्या रेडिओचा तो बोजड, गरम होणारा एलिमिनेटर आठवतो ना, तेच कुळ.

आपली वीज सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते. एवढ्या संथ चालीने शक्ती पलीकडे न्यायची तर दर खेपेला मोठा हंडा लागतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर मोठा. स्विच मोडमध्ये 230 व्होल्टची वीज आधी सरळ करून घेतात (ती सुमारे 325 व्होल्टची डीसी होते) आणि ट्रान्झिस्टरने सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. खेपा इतक्या वाढल्या की हंड्याऐवजी पेलाही पुरतो. ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा होतो, डबा हलका होतो आणि उष्णता कमी होते.

ही युक्ती 1962 च्या टेलस्टार उपग्रहात वापरली गेली होती, कारण तिथे वजनाचा प्रत्येक ग्रॅम मोजला जात होता. पुढे वेगवान, जास्त व्होल्टेज सोसणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले. 1976 मध्ये हे चालू-बंद सांभाळणारी एसजी1524 ही एकच चिप बाजारात आली आणि ही विद्या प्रयोगशाळेतून बाहेर पडली. 1977 च्या ॲपल-टू कॉम्प्युटरसाठी रॉड होल्ट या इंजिनियरने असाच सप्लाय बनवला. स्टीव्ह जॉब्जना पंख्याचा आवाज नको होता, आणि पंखा नको तर उष्णता नको. सप्लाय होता 38 वॉटचा. पुढे जॉब्जनी सांगितलं की सगळ्या कॉम्प्युटरनी होल्टचीच नक्कल केली. ते काही खरं नाही, उपग्रहाचं उदाहरण वर दिलंच आहे. पण शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, हे इतिहासात आपल्याला नवीन आहे का?

1981 साली आयबीएमचा पीसी आला. त्याचा सप्लाय होता 63.5 वॉटचा, म्हणजे आपल्या जुन्या 60 च्या बल्बएवढा! दोन वर्षांनी एक्सटी मॉडेलमध्ये हार्ड डिस्क आली आणि आकडा 130 वर गेला. 1984 च्या एटीमध्ये 192. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला. त्याच्या यादीतलं ग्राफिक्स कार्ड एकटंच 115 वॉट घेतं, आणि ते आजच्या हिशेबाने गरीब कार्ड आहे.

एटीच्या जमान्यातल्या दोन गोष्टी नव्वदच्या दशकात हार्डवेअरचा कोर्स केलेल्या कुणालाही विचारा. एक, मदरबोर्डला जोडायच्या दोन पट्ट्या, पी8 आणि पी9. दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलट बसवल्या की मदरबोर्डचा निकाल. ‘काळ्याला काळी’ हे तेव्हाच्या पोरांचं पाठांतर होतं. दुसरी, मागच्या बाजूचं ते लाल बटण, 115 आणि 230 असं लिहिलेलं. ते अमेरिकेसाठी. आपल्याकडे ते 230 वरच हवं. मी नोकरीला लागलो त्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत एका सातवीच्या पठ्ठ्याने पट्टीच्या टोकाने ते सरकवलं आणि सरांनी मेन स्विच लावला. फटाक्यासारखा आवाज, पांढरा धूर, आणि पुढचे आठ दिवस ‘संगणक’ विषय फळ्यावर. मी त्या मुलाला रागावलो नाही. बटण बोटाला पोचेल असं ठेवणाऱ्याला कोण रागावणार?

1995 मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची पद्धत आणली. दोन पट्ट्यांऐवजी 20 पिनांचा एकच जोड आला, तोही उलटा बसणार नाही असा. कॉम्प्युटर स्वतःहून बंद व्हायला लागला, ‘आता बंद करायला हरकत नाही’ असा फलक बघत बसायची गरज उरली नाही. पण आतला खरा बदल पाच वर्षांनी झाला. तोवर प्रोसेसरला वीज मुख्यतः 5 व्होल्टच्या वायरीतून मिळे. पेंटियम-फोरची भूक वाढली तेव्हा हिशेब जमेना. 100 वॉट 5 व्होल्टने द्यायचे तर 20 अँपिअर लागतात, 12 व्होल्टने द्यायचे तर साडेआठच्या आत भागतं. अँपिअर वाढले की वायर तापते, आणि तीही वर्गाच्या पटीत. म्हणून 2000 साली 12 व्होल्टचा चार पिनांचा वेगळा जोड आला, 2003 मध्ये मुख्य जोड 24 पिनांचा झाला, आणि तेव्हापासून डब्याची खरी ताकद 12 व्होल्टच्या ओळीत मोजायची असते.

इथे आमची गोष्ट सुरू होते.

2005 मध्ये मी घरी असेम्बल केलेला कॉम्प्युटर आणला. अब्बांसाठी. ते प्राथमिक उर्दू शाळेतून निवृत्त झाले होते आणि आपल्या नोकरीच्या आठवणी लिहायच्या म्हणत होते. इनपेजमध्ये उर्दू टाइप करायला ते साठीनंतर शिकले, एकेका बोटाने. कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस दुकानदाराने ‘फुकट’ दिला होता, त्यावर ठळक अक्षरांत 450 वॉट. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. अब्बा म्हणायचे, “बेटा, ये मशीन काटती है.” आम्ही हसायचो. आज कळतं की घरात तीन पिनांचं सॉकेट होतं, पण त्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. एसएमपीएसच्या फिल्टरमधली थोडी वीज अर्थिंगवाटे जमिनीत जायला हवी. तिला वाट नसली की ती कॅबिनेटवर येऊन बसते.

ते लोडशेडिंगचे दिवस. वीज जायची ते ठरलेल्या वेळी, यायची मात्र झटका देऊन. शेजारी यंत्रमाग सुरू झाले की आमचा बल्ब मिणमिणायचा. 2007 च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वीज परत आली, कॉम्प्युटरमधून ‘टक्’ असा आवाज आला, आणि जळक्या वासाने खोली भरली. दुरुस्तीवाल्याने डबा उघडला. आतले दोन कपॅसिटर टम्म फुगून फुटले होते. त्या काळात जगभर अनेक कारखान्यांतले कपॅसिटर असे फुगत होते, हे मला नंतर वाचून कळलं. त्याने आतली रिकामी जागा दाखवली, जिथे फिल्टरचे भाग असायला हवेत तिथे नुसत्या वायरी जोडल्या होत्या. मग लेबल दाखवलं. 12 व्होल्ट, 14 अँपिअर. गुणाकार करा : 168 वॉट. बाकीचे आकडे कशाची तरी बेरीज करून 450 पर्यंत नेलेले. व्होल्टेज भलतं चढलं तर स्वतःला बंद करून घ्यायची सोय चांगल्या सप्लायमध्ये असते. यात नव्हती. म्हणून तो एकटा मेला नाही. मदरबोर्ड घेऊन गेला आणि हार्ड डिस्कची पाटीही.

अब्बांची दोनशेच्या वर पानं त्या डिस्कवर होती. फ्लॉपीवर चाळीसेक सापडली. “फिर से लिख लेंगे,” असं ते म्हणाले. लिहिलं नाही. दोन वर्षांनी ते गेले.

दुकानदाराला मी दोष देत नाही असं म्हणणं खोटं होईल. पण त्याच्याइतकाच दोष लेबल न वाचणाऱ्या माझाही आहे. मुलांना उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं द्यायला शिकवणारा मी, आणि घरातल्या डब्यावरचा चार ओळींचा उतारा वाचला नाही.

तर भाच्याला मी म्हटलं, बस, आधी हिशेब करू. त्याचा प्रोसेसर कागदावर 65 वॉटचा, पण जोरात असताना 88 पर्यंत घेतो. कार्ड 115. मदरबोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून 50-60 धरा. बेरीज 265 च्या आसपास. तो म्हणाला, “मामू, सगळे 850 घ्या म्हणतात.” हे ‘सगळे’ कोण, ते मी विचारलं नाही. 550 वॉटचा प्रामाणिक सप्लाय त्याला पुरून उरतो. चार वर्षांनी 200 वॉटचं कार्ड टाकलं तरी चालेल. जास्तीची जागा हवी, कारण नवी कार्डं क्षणभरासाठी आपल्या सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतात. 2020 च्या सुमारास अशा उसळ्यांनी चांगले सप्लायही खेळ ऐन रंगात असताना बंद पडू लागले होते. म्हणून 2022 च्या एटीएक्स 3.0 नियमात नव्या मोठ्या जोडाच्या सप्लायने 100 मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा असं घातलं गेलं.

त्याच नियमासोबत तो 600 वॉटचा बारीक पिनांचा जोड आला, आणि त्याच वर्षी 450 वॉटच्या आरटीएक्स 4090 कार्डांवर तो वितळल्याच्या बातम्या आल्या. पुढे जोडाची रचना सुधारावी लागली. जुना आठ पिनांचा जोड 150 वॉटचा, दांडगा आणि निवांत. भाच्याच्या कार्डाला तोच पुरतो, यात मला तरी समाधान वाटलं.

‘एटी प्लस’च्या शिक्क्याबद्दल त्याचा गैरसमज होता. ही योजना 2004 मध्ये अमेरिकेत वीज वाचवण्यासाठी निघाली. 20, 50 आणि 100 टक्के भारावर किमान 80 टक्के वीज कामी यावी, हा तिचा मूळ नियम. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड नंतर आले. गोल्ड म्हणजे उष्णता कमी, बिल थोडं कमी. पण व्होल्टेज चढल्यावर डबा स्वतःला बंद करील की नाही, कपॅसिटर किती वर्षं टिकतील, हे तो शिक्का सांगत नाही. ते वॉरंटीची वर्षं सांगतात, आणि डबा उघडून परीक्षण करणारे लोक. चांगला ब्राँझ हा संशयास्पद गोल्डपेक्षा बरा, असं माझं मत.

आणखी एक गोष्ट खास आपल्या घरांची. नव्या सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी असतं, त्यामुळेच ते लाल बटण गेलं. 100 पासून 240 पर्यंत काहीही द्या, तो सांभाळून घेतो. पण घरचा इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी लाटेचा असेल तर वीज गेल्या क्षणी हा नखरेल सप्लाय कधी कधी रुसतो आणि कॉम्प्युटर बंद पडतो. त्याला साइन वेव्हचा यूपीएस हवा.

शेवटी त्याने 550 वॉटचा, पाच वर्षं वॉरंटीचा ब्राँझ घेतला. लेबलवर 12 व्होल्टच्या ओळीत 45 अँपिअर. त्याने दुकानातच मोबाइलवर गुणाकार केला, 540, आणि मला फोन करून सांगितला. 850 च्या नादातून वाचलेल्या पैशांत त्याचं माझ्याकडचं मागणं निम्म्यावर आलं. उरलेल्या निम्म्यासाठी मी अट घातली : आधी वायरमन बोलवायचा.

वायरमन आला, टेस्टर लावला, म्हणाला अर्थिंग नुसतं दाखवायला आहे. अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, तांब्याची पट्टी गाडली. बहीण वैतागली, कारण तिची कढीपत्त्याची कुंडी हलवावी लागली. रात्री भाच्याने कॉम्प्युटर सुरू केला आणि मला म्हणाला, “मामू, हात लावून बघा.” मी तळहात कॅबिनेटवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. पत्रा थंड होता.