पगारी उपदेशक, फुकट गाणं

धर्मोपदेशातून पैसा मिळवणं योग्य की अयोग्य, या अभ्यासात नवा माणूस शिरतो तो बहुधा भपकेबाज प्रचारकाचं बोट धरून. मोठा मांडव, चमत्कारांचे दावे, मग देणगीचं आवाहन. तिथं निकाल आधीच लागलेला असतो, शिकायला फारसं उरत नाही. मराठी अभ्यासकाने सुरुवात करावी ती प्रामाणिक, पगारी माणसापासून.

मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच पाहा. १८९५ साली बाप्तिस्मा, पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम, ‘ज्ञानोदया’ची संपादकी. या पगारात गैर काहीच नव्हतं. तरीही १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं सांगणारा हा माणूस. कीर्तनाचं मोल घेऊ नये हा वारकरी संस्कार ज्यांच्या अंगी मुरलेला, त्या श्रोत्यांपुढे परक्या मंडळाचा पगार आडवा येणारच. अर्थात घरधन्याच्या निरिच्छपणाचा हिशेब घरच्या बाईला चुकता करावा लागतो. त्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ या विषयाचा ग्रंथ म्हणूनही वाचावीत.

पंडिता रमाबाईंची अडचण नेमकी उलटी. विधवांसाठी १८८९ साली निघालेलं शारदासदन बोस्टनच्या मंडळाच्या पैशावर चाले, आणि तिथं धर्माचा आग्रह धरायचा नाही ही अट होती. ती मोडली जाते या आरोपावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रेव्हरंड टिळकांना पैसा श्रद्धेच्या आड येताना दिसला. रमाबाईंच्या बाबतीत तर श्रद्धेला आवर घालणं ही पैशाचीच अट होती. म्हणून किती घेतलं यापेक्षा कुणाकडून आणि कोणत्या अटीवर घेतलं, हे आधी विचारावं.

प्रेषित पौलाचंही तसंच. करिंथात तो तंबू शिवून पोट भरतो, तिथल्या मंडळीकडून काही घेत नाही. फिलिप्पैकरांची मदत मात्र आनंदाने स्वीकारतो. ‘दिदाखे’ या प्राचीन पुस्तिकेत पैसे मागणारा फिरता प्रेषित खोटा ठरतो, पण मंडळीत स्थिरावलेल्या खऱ्या संदेष्ट्याला अन्नाचा हक्क मिळतो. विसंगती वाटते खरी, पण पाहुणा आणि घरचा यांत फरक करणारं ते शहाणपण आहे.

हेच प्रश्न घेऊन आता पुण्याजवळच्या पिंपरीला यावं. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मागून इतर कारखाने आले आणि पोटामागे आलेल्या कामगारांबरोबर त्यांच्या उपासनाही आल्या. मराठीच्या जोडीला तमिळ, मल्याळम. अभ्यासकाने इथं उपदेश ऐकावाच, पण उपासनेनंतर थोडं थांबावं. अर्पणाच्या थैल्या टेबलावर रित्या होतात, नोटा आणि चिल्लर वेगळी होते. मोजायला किती जण बसतात, सही कोण करतं, पाळकाचं मानधन कोण ठरवतं? मंडळी न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचे लेखापरीक्षित हिशेब हे अस्सल साधन. लोक त्याला कंटाळतात, पण प्रवचनापेक्षा ते जास्त बोलतं.

नवा प्रश्न गाण्यांचा. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले, त्यांच्या पदांवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला. ती पदं आजही मंडळ्यांतून गायली जातात. कुणी त्यातलं एखादं नव्या चालीत बांधून यूट्यूबवर टाकलं आणि जाहिरातींचे पैसे येऊ लागले, तर कायद्याला त्यात वावगं दिसणार नाही. ज्या मंडळीने ते पद शंभर वर्षं फुकट गाऊन जिवंत ठेवलं, तिचा त्या पैशावर काही हक्क पोचतो का, हे मात्र कायदा सांगत नाही.